घरच्या विहिरीचं पाणी

ज्यांच्या घरी आज कोणी काविळीनं अंथरूण धरलं आहे, त्यांनी हे वाचत बसण्याआधी एक काम करावं. रोजच्या पिण्याचं पाणी पातेल्यात घ्यावं, चुलीवर ठेवावं, आणि वाफ निघू लागली की तिच्यावर नाक न्यावं. वास आला नाही तर उत्तम. डॉक्टर सांगतील ते पथ्य पाळा, माणूस बरं होईल. वास आला, तर पुढचं तुमच्यासाठी लिहिलं आहे.

मी डॉक्टर नाही. अकोल्याला मुलींच्या शाळेत मराठी आणि इतिहास शिकवते. बी.ए. आहे. हे मी मुद्दाम सांगते, कारण आमच्या घराण्यात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. वडील अमरावतीला भाजीपाला आणि फुलं पिकवतात. वांगी, मेथी, पालक, आणि दसऱ्याच्या सुमारास शेवंती. घरामागेच वाडी आहे आणि वाडीच्या मधोमध विहीर. ती माझ्या आज्यानं खणली. अख्ख्या गल्लीत तिच्यासारखं गोड पाणी नाही, हे ऐकतच मी मोठी झाले, आणि कॉलेजात गेल्यावर मैत्रिणींनाही तेच ऐकवत आले.

डोळे

उन्हाळ्याची सुट्टी अमरावतीला काढून शाळा उघडायला अकोल्याला परतले, तेव्हाच अन्नावरची वासना उडाली होती. खोलीवर स्टोव्ह पेटवायचा, भात टाकायचा आणि शिजल्यावर त्याच्याकडे नुसतं बघत बसायचं. पाठ दुखायची, पायांत गोळे यायचे. वाटलं, सुट्टीनंतरचा आळस असेल. मी आळसाला भीक घालणारी नाही, म्हणून जास्तच काम अंगावर घेतलं.

नववीत पानिपताचा धडा चालला होता. पहिल्या बाकावरची एक पोरगी हात वर करून उभी राहिली.

"बाई, तुमचे डोये पिवये दिसून राह्यले."

"धड्याकडे बघ, माझ्या डोळ्यांकडे नको," मी म्हटलं. वर्ग हसला. ती मात्र हसली नाही. तिची आई वर्षापूर्वी काविळीनं गेली होती, हे मला नंतर कळलं.

मुख्याध्यापिकाबाईंच्या खोलीतल्या आरशात पाहिलं तर हळदीच्या पाण्यात बुडवून काढल्यासारखे डोळे. त्याच दुपारी टांग्यात घालून मला सरकारी दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाई ठेंगण्या, तुटक बोलणाऱ्या. पोट दाबून पाहिलं, पापणी ओढून पाहिली.

"लग्न झालंय?"

"नाही."

"ताप?"

"नाही."

"शाळेत आणखी कोणाला कावीळ?"

"नाही."

"मग ही साथीची दिसत नाही. काही पोटात घेतलंस का? कोणी दिलेला काढा, गोळी, काहीही? खरं सांग, मी कोणाला बोलणार नाही."

प्रश्नाचा अर्थ मला लगेच कळला नाही. शेजारी उभ्या सिस्टरनं जमिनीकडे पाहिलं, तेव्हा कळला. एकटी राहणारी, नोकरी करणारी, लग्न न झालेली. अंगात त्राण नव्हतं, तरी मी उठून बसले.

"बाई, तुम्ही जे विचारता ते मी केलेलं नाही. दुसरं काही विचारायचं असेल तर विचारा."

"रागावू नकोस. विचारणं माझं काम आहे." त्यांनी पेनाचं टोपण लावलं. "पाणी कुठलं पितेस?"

"खोलीवर नळाचं. पण सुट्टीभर आमच्या घरच्या विहिरीचं," मी ताठ मानेनं सांगितलं. "काचेसारखं आहे."

त्यांनी मान हलवली आणि पुढच्या बाईकडे वळल्या. ज्याचा मला सगळ्यात जास्त अभिमान होता, त्याच्यावर त्यांनी काय, मीसुद्धा शंका घेतली नाही.

वॉर्ड

दवाखान्यात वेळ घड्याळानं जात नाही, भांड्यांच्या आवाजानं जातो. पहाटे झाडूवालीची बादली, मग थर्मामीटरचा ट्रे, मग दुधाची किटली, मग मोठ्या डॉक्टरांच्या फेरीआधी सिस्टरांची धावपळ. बाकीचा वेळ छताकडे पाहायचं. मला पडून राहणं जमतच नाही. रात्रंदिवस अंगाला खाज सुटायची आणि मी कूस बदलत राहायची. खाटेची एक स्प्रिंग करकरायची.

शेजारच्या खाटेवर बार्शीटाकळीच्या गयाबाई होत्या. पोटात पाणी झालेलं, पण जीभ शाबूत.

"मास्तरीनबाई," त्या म्हणायच्या, "तुमी पोरीहीले गप बसा म्हनता न? मंग सोता काऊन चुळबुळ करून राह्यल्या? त्या खाटेले तरी झोपू द्या."

तार मिळताच माय आली ती राहायलाच आली. येताना काविळीची माळ घेऊन आली. बारीक काड्यांची, जाणत्या माणसाकडून मंतरून आणलेली. ती गळ्यात घालायची, आणि जसजशी कावीळ उतरते तसतशी माळ आपोआप लांब होत जाते म्हणतात. मी शिकलेली, मी नाही म्हटलं. मायनं तरी गळ्यात घातली. डॉक्टरीणबाईंनी पाहिली आणि म्हणाल्या, "राहू दे. ती काही पोटात जात नाही."

माळ दोन बोटं लांबली तेव्हा गयाबाई म्हणाल्या, "माळ तं लांबून राह्यली, मास्तरीनबाई. तुमीच आखडून गेल्या."

मी हसले. आजारी पडल्यापासूनचं ते पहिलं हसू. खरंच बरं वाटू लागलं होतं. साबुदाण्याची पेज पोटात ठरू लागली. डोळ्यांतला पिवळेपणा विरळ झाला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आठवडाभरात घरी जाशील.

आणि मग बाबा आले.

तांब्या

शेवंतीची लावण चालू होती म्हणून त्यांना आधी निघता आलं नव्हतं. बडनेऱ्याहून गाडीनं आले. खांद्यावर धोतराचं गाठोडं, आणि हातात फिरकीच्या झाकणाचा तांब्याचा मोठा तांब्या. डब्यातल्या गर्दीत तो मांडीवर धरून आणलेला.

"मंग म्या लय इचार केला," त्यांनी मायला सांगितलं. "पोरगी नळाचं पानी पिऊन पडली. परकं पानी. आजाऱ्याले आपल्या हिरीचं पानी लागते."

हे आमच्याकडे सगळेच मानतात. बाळंतिणीला माहेरच्या विहिरीचं, आजाऱ्याला जन्मगावच्या विहिरीचं. त्यासाठी माणसं कोसांवरून पाणी वाहून आणतात, आणि ते पाणी पिताना आजाऱ्यालाही आपलं कोणी आहे असं वाटतं. मलाही वाटलं. मी पेलाभर पाणी एका दमात प्यायले. बाबांनी टोपी काढून डोकं पुसलं. त्यांचं डोकं हल्ली फार दुखतं, म्हणाले, उन्हानं. मायचे सांधे धरले होते, ते वातानं. वहिनीला दिवस गेले होते, म्हणून तिला उलट्या होत होत्या. आमच्या घरात तेव्हा प्रत्येकाच्या दुखण्याला वेगवेगळं नाव होतं.

त्यानंतर दर रविवारी बाबा भरलेला तांब्या आणायचे आणि रिकामा घेऊन जायचे. माझी घरी जाण्याची गोष्ट मागे पडली. पुन्हा मळमळ, पुन्हा खाज. लघवी चहासारखी. डॉक्टरीणबाईंच्या कपाळाला आठी पडली आणि त्यांनी पुन्हा तोच प्रश्न विचारला, या वेळी मायसमोर. माय घाबरून माझ्याकडे पाहू लागली. त्या नजरेचं मला जितकं लागलं, तितकं आजाराचं लागलं नाही. तिनं विचारलं काहीच नाही. पण दुसऱ्या दिवशी माझे केस विंचरताना तिचा हात मध्येच थांबायचा.

"माय, तुला काय वाटते ते विचार," मी म्हटलं.

"मले काई नाई वाटत."

"मग हात काऊन थांबते?"

ती रडली. मी रडले नाही. मला संताप येत होता आणि तो कोणावर काढावा हे कळत नव्हतं.

वास

पावसाची झड लागली होती. घसा बसला, म्हणून मायला म्हटलं, थोडं गरम पाणी दे. व्हरांड्यात नातेवाइकांचे स्टोव्ह असायचे. तिनं तांब्यातलं पाणी तापवलं आणि पेला आणून हातात दिला. मी तोंडाजवळ नेला, आणि एकदम नागपूर आठवलं.

पदवीदान समारंभ. बाबांकडे कोट नव्हता. गल्लीतल्या वकीलसाहेबांनी आपला जुना काळा कोट दिला. मोठ्या माणसाचा कोट जसाच्या तसा कसा घालावा, म्हणून बाबांनी तो आधी आमच्या वाडीला लागून असलेल्या लॉन्ड्रीत टाकला. "कोरडी धुलाई" अशी पाटी होती तिच्यावर. सगळ्या वकिलांचे कोट तिथेच जात. मालक अभिमानानं सांगायचा, "आमी पेट्रोल नाई वापरत. मुंबईचं औषध हाय, काडी लावली तरी पेटत नाई." नागपूरपर्यंतच्या प्रवासात बाबा त्या कोटात घाम पुसत बसले होते, आणि कोटाला एक गोडसर, डोक्यात चढणारा वास होता. मंडपात माझं नाव पुकारलं तेव्हा बाबा उभेच राहिले, मागच्यांनी ओढून बसवलं तरी बसेनात. तो वास माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या दिवसाचा वास होता.

तोच वास या पेल्यातून येत होता.

मी पेला मायच्या नाकाखाली धरला. "कशाचा वास आहे?"

तिनं हुंगलं. "तांब्याचा असंन."

"नाही. नीट घे. बाबांच्या कोटाचा."

तिनं पुन्हा हुंगलं. गयाबाई खाटेवरून म्हणाल्या, "इकडे द्या, माह्यं नाक अजून मेलं नाई." त्यांनी हुंगलं आणि तोंड वाकडं केलं. "हे पानी तं टेलराच्या दुकानासारखं वास मारते वो."

लॉन्ड्री बंद होऊन वर्ष उलटून गेलं होतं. मालक गाशा गुंडाळून गेला होता. पण तिच्या मागच्या अंगणात एक खड्डा होता. वापरून काळं झालेलं औषध, पिंपांचा गाळ, सगळं त्यात ओतायचे, हे मी माडीवरून कितीदा पाहिलं होतं. तो खड्डा आमच्या विहिरीपासून दगड फेकला तर पोचेल इतका जवळ. आणि मी सुट्टीभर विहिरीच्या इंजिनानं भरणाऱ्या हौदाच्या काठावर पाय सोडून, तेच पाणी पीत, पुस्तकं वाचत बसले होते.

मी डॉक्टरीणबाईंना बोलावणं पाठवलं. त्यांनी पेला हुंगला आणि बराच वेळ खाली ठेवला नाही.

"हे पाणी बंद," त्या म्हणाल्या. मग मायकडे वळून, "मी तुमच्या मुलीला जे विचारलं, त्याबद्दल मनात काही ठेवू नका."

बाबा

रविवारी बाबा तांब्या घेऊन आले. मी सगळं सांगितलं. ते ऐकत होते, पण त्यांचा हात तांब्याच्या झाकणावर होता.

"म्हंजे माही हीर खराब हाय म्हन्ते तू?"

"विहीर नाही, बाबा. त्या खड्ड्यातलं झिरपलं."

"हीर तिथंच हाय न? पानी तिचंच न? तुह्या आज्यानं खांदली थे. आजवर कोनाले काई नाई झालं."

"वहिनीला उलट्या होतात. तुमचं डोकं दुखतं."

"बाईमानसाले पोटुशीपनी उलट्या होत नाईत काय? शिकली तं उलट्याचंबी कारन तूच सांगतेस?"

"हो, सांगते," मी म्हटलं. "तुम्हीच शिकवलं ना मला? आता ऐका."

त्यांनी फिरकी उघडली, तांब्या तोंडाला लावला आणि घटाघट पिऊ लागले. हनुवटीवरून पाणी सदऱ्यावर सांडत होतं. मी हात पुढे केला, पण उठायला ताकद नव्हती. वॉर्डातल्या सगळ्या बायका पाहत होत्या. तांब्या निम्मा झाल्यावर ते थांबले, तोंड पुसलं.

"पाह्य. मेलो काय?"

गयाबाईंनी पदर तोंडाला लावला.

बाबा का रागावले हे मला कळत होतं. आमची भाजी बाजारात "गोड्या पाण्याची" म्हणून विकली जायची. विहीर वाईट ठरली, की वाडी गेली. तीस वर्षं ज्या पाण्याच्या जोरावर त्यांनी मान वर ठेवली, त्या पाण्यानंच पोरीला विष दिलं, असं मी त्यांना सांगत होते. पण मला दुसरीकडे वहिनी दिसत होती, तिचं पोट दिसत होतं, आणि ती त्याच हौदातून हंडा भरत होती. माझ्या स्वतःच्या मरणाची भीती तेव्हा मागे पडली होती. पडल्या जागेवरून मी वहिनीचा हात धरू शकत नव्हते, याचीच तडफड.

बाबा गेले. मी मायला त्यांच्या पाठोपाठ पाठवलं. "तू फक्त एक कर. वहिनीसमोर पाणी तापव, आणि तिला हुंगू दे."

पुढे दोन रविवार कोणी आलं नाही. मी नळाचं पाणी पीत होते आणि भरभर सुधारत होते. स्वतःचं बरं होणं मला तेव्हा शिक्षेसारखं वाटायचं, कारण माझ्या सुधारणेच्या प्रत्येक दिवशी माझंच म्हणणं खरं ठरत होतं.

मग एका सकाळी बाबा दारात दिसले. हात मोकळे होते.

खाटेपाशी उभे राहून ते म्हणाले, "बाई, तुह्या वयनीचे डोये पिवये झाले."

"कुठे आहे ती?"

"धामनगावले पाठवली. मायेरी. तिथलं पानी पिईन आता." ते खाटेच्या कडेला टेकले. "इंजनाचा पाइप काढून ठेवला म्या. हौद फोडला."

मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो सोडवून घेतला नाही, पण माझ्याकडे पाहिलंही नाही.

घंगाळ

घरी गेले तेव्हा बाबांनी गल्ली गोळा केली होती. कारण आमची एक विहीर बंद करून भागणार नव्हतं. त्याच झऱ्यावर वकीलसाहेबांची विहीर होती, देवळाच्या पुजाऱ्यांची होती. माणसं अंगणात बसली, पण बोलणी वाकडी.

"पोरगी कॉलेजात गेली तेव्हापासून ह्याहीच्या घरात सगळंच नवीन निघून राह्यलं," एकजण म्हणाला.

पुजारीबुवा म्हणाले, "देवळाच्या पाण्याला नावं ठेवू नका."

वकीलसाहेब सगळ्यांत शेवटी आले. लॉन्ड्रीची जागा त्यांचीच, भाड्यानं दिलेली. ते शांतपणे म्हणाले, "आजार झाला हे वाईटच. पण पाण्यानं झाला, याला पुरावा काय? उगाच कुणावर येऊ नये."

मी उठून बोलणार होते. सगळी वाक्यं तयार होती. बाबांनी मला हातानं बसवलं. मग अंगणाच्या कोपऱ्यातल्या चुलीवर त्यांनी अंघोळीचं घंगाळ चढवलं, त्यात विहिरीची एक कळशी ओतली आणि लाकडं सारली. कोणाला कळेना काय चाललंय. पाण्याला वाफ आली. बाबा वकीलसाहेबांसमोर गेले आणि वाकून म्हणाले, "साहेब, जरा इकडे या."

वकीलसाहेब उठले. घंगाळावर वाकले.

"ओळखला काय वास? माह्या पोरीच्या पदवीच्या दिशी तुमचा कोट घातला होता म्या. तोच हाय हा. म्या नाई म्हनत होतो. माही पोरगी म्हनत होती. आता तिनं सांगितलं तसंच हाय, असं म्या म्हनतो. माही भाजी कोनी घेनार नाई उद्यापासून, मले मालूम हाय. तरी म्हनतो."

वकीलसाहेब बराच वेळ वाकलेले राहिले. सरळ झाले तेव्हा त्यांच्या चष्म्यावर वाफ धरली होती. त्यांनी तो पुसला नाही.

"हा माझ्या घरच्या पाण्यालाही येतो," ते हळूच म्हणाले. "मला वाटलं, आमच्या कपाटातून येतो."

मग एकेक जण येऊन हुंगू लागला. पुजारीबुवाही आले.

उपसा

त्यानंतर वकीलसाहेबच नगरपालिकेत उभे राहिले. त्यांच्या बोलण्याला वजन होतं, आमच्याला नसतं, हे मी कडवटपणे नाही, जसं आहे तसं लिहिते. पाण्याच्या बाटल्या तपासायला नागपूरला गेल्या. झऱ्यावरच्या सगळ्या विहिरींना लाल रंगाचा पट्टा मारला. गल्लीच्या तोंडाशी टाकी आली, पुढे नळ आला.

नगरपालिकेच्या ओव्हरसियरनं आम्हाला समजावलं की हे औषध तेलासारखं वर तरंगत नाही, जड असतं, तळाला बसतं. पूर्वी आम्ही दोरानं वरवरचं पाणी काढायचो तेव्हा निभावलं. इंजिन बसवलं, पाइप तळाशी सोडला, आणि तळातलं वर आणलं. ते इंजिन घेतलं तेव्हा आम्ही त्याला हार घातला होता.

लॉन्ड्रीमागचा खड्डा खणला. माणसं तोंडाला ओले फडके बांधून खणत होती आणि दर थोड्या वेळानं वर येऊन बसत होती. काळी माती गाड्यांत भरून गावाबाहेर नेली. विहीर उपसली. उपशात मायची हरवलेली पितळी घागर निघाली, भावाचे भोवरे निघाले, आणि तळाचा गाळ हातात घेतला तर तोच वास. उपसलेलं पाणी नालीत सोडलं तर खालच्या वस्तीतली माणसं भांडायला आली, आणि त्यांचंही बरोबर होतं. मग ते पिंपांतून न्यावं लागलं. विहीर पुन्हा भरली, पुन्हा वास. पुन्हा उपसा. माणसाच्या पोटातून निघायला महिने लागले, जमिनीच्या पोटातून निघायला वर्षं लागतात, हे तेव्हा कोणाला ठाऊक होतं?

बाजारात आमच्या टोपलीपाशी कोणी थांबेना. भाऊ नांदगाव पेठच्या रस्त्याला दुसऱ्याचं शेत बटाईनं, निम्म्या वाट्यावर, करू लागला. बाबा त्याच्याबरोबर जायचे, पण रोज सकाळी आधी वाडीत एक चक्कर.

अकोल्याला गयाबाईंना भेटायला गेले, तेव्हा ती खाट रिकामी होती. बऱ्या होऊन घरी गेल्या, असं सिस्टरनं सांगितलं. मी जास्त विचारलं नाही. मला ते तसंच हवं होतं.

विहीर पुजणं

वहिनीला धामणगावला मुलगी झाली. किरकोळ, पण रडणं खणखणीत. ती परत आली तेव्हा नवा पेच उभा राहिला. बाळंतीण विहीर पुजल्याशिवाय पाण्याला हात लावत नाही. गल्लीत आता पुजण्यासारखी विहीर कुठे होती?

"नळाले हळदकुंकू लावा," भाऊ म्हणाला.

"नळाले?" माय म्हणाली. "त्याले बूड नाई, तोंड नाई."

बाबा ओट्यावर बसले होते. ते म्हणाले, "आपल्याच हिरीले पुजा."

सगळे त्यांच्याकडे पाहू लागले.

"पुजा म्हनलं, पिऊ नका. आजारी हाय थे. आजाऱ्याले कोनी घरातून काढून देते काय?" आणि माझ्याकडे मान करून, "हिले दिलं होतं काय काढून?"

वहिनीनं लाल पट्ट्याच्या वरच्या दगडाला हळदकुंकू वाहिलं, ओटी भरली, आणि हंडा नळावर भरला.

मी बरी आहे. पथ्य सांभाळते. तेलकट खाल्लं की उजव्या कुशीत दुखतं, आणि कोणी लॉन्ड्रीतून आणलेले कपडे घेऊन जवळून गेलं की मी नकळत श्वास रोखते. रात्री अधूनमधून आरसा घेऊन डोळे पाहते. ही सवय जात नाही. तुमचीही जाणार नाही, तेव्हा तिच्याशी भांडू नका. आणि आजाऱ्याला भेटायला जाल तेव्हा मायेनं काय वाटेल ते न्या, पण त्याच्या तोंडाला लावण्याआधी ते तापवून बघा.

सुट्टीत घरी गेले की पहिल्या सकाळी बाबा मला वाडीत नेतात. विहिरीच्या काठाशी तीन दगडांची चूल आहे. ते दोरानं तळापर्यंत बादली सोडतात, तांब्या भरतात, जाळ करतात. रोजच करतात, पण माझ्या नाकावर त्यांचा स्वतःच्यापेक्षा जास्त भरवसा. वाफ आली की तांब्या फडक्यानं धरून माझ्यासमोर धरतात.

"सांग."

परवा गेले तेव्हाही धरला. मी डोळे मिटून वास घेतला. ओल्या दगडाचा वास होता, शेवाळाचा होता, धुराचा होता. त्यांच्यामागे, फार लांब, नागपूरच्या मंडपातला तो कोट.

"वास नाही" असं मला म्हणता आलं असतं. ते माझ्या तोंडाकडे बघत होते.

"अजून आहे, बाबा," मी म्हटलं. "पण कमी."

त्यांनी मान हलवली, तांब्यातलं पाणी पिंपात ओतलं आणि बादली पुन्हा विहिरीत सोडली.